आपल्या घराचं काउंटी रेकॉर्ड एकदा तरी उघडून बघा

मंडळी, एप्रिल आलाय, टेक्ससमध्ये घर असलेल्यांकडे अप्रेझलची नोटीस, म्हणजे टॅक्ससाठी तुमच्या घराची किंमत किती धरली ते सांगणारं पत्र, आली असेल किंवा येईलच. हात जोडून सांगते, ती नुसती ड्रॉवरमध्ये टाकू नका. आधी ही किंमत ठरवणाऱ्या ऑफिसच्या, अप्रेझल डिस्ट्रिक्टच्या, साइटवर जाऊन आपल्या घराचं पान उघडा, लॉगिन लागत नाही, पैसे लागत नाहीत, आणि ते पार खालपर्यंत वाचा.

आम्हाला डॅलसच्या उत्तरेला घर घेऊन सहा वर्षं झाली. दरवर्षी नोटीस यायची, नवरा म्हणायचा परत वाढवलं, मी म्हणायचे सगळ्यांचंच वाढलंय, आणि गपचूप टॅक्स भरायचो. गेल्या वर्षी पहिल्यांदा मी ते पान नीट वाचलं. त्यात इम्प्रूव्हमेंट्स म्हणून एक तक्ता असतो, खालचा मजला किती, वरचा किती, गॅरेज किती, पॅटिओ किती. आमचा वरचा मजला बिल्डरच्या प्लॅनपेक्षा २२० स्क्वेअर फूट जास्त दाखवलेला! दोनदा प्लॅन बघितला, मग टेप घेऊन वर गेले, एकेक खोली मोजली, आणि रेलिंगपाशी उभी असताना डोक्यात प्रकाश पडला. आमच्या लिव्हिंग रूमचं छत दोन मजले उंच आहे, म्हणजे वर नुसती पोकळी, ती त्यांनी खोली म्हणून धरली होती. नसलेल्या खोलीचा हिशोब सहा वर्षं आमच्या नावावर, आणि कुणी येऊन सांगणार नव्हतं. मला त्या दिवशी खरंच रडू आलं, पैशापेक्षा आपण बघितलंच नाही याचं जास्त.

माझे बाबा सातारला दरवर्षी सातबारा काढून बघायचे. जमीन विकायची नव्हती, कर्ज काढायचं नव्हतं, तरी तलाठ्याकडे चकरा मारायचे, आता १५ रुपये भरून ऑनलाइन काढतात. नाव बरोबर आहे ना, क्षेत्र बरोबर आहे ना, इतर हक्कात कुणी काही घुसवलं नाही ना. मी त्यांची मुलगी, आणि इथे फुकट असलेलं पान सहा वर्षं उघडलं नाही.

शोधताना एक अडचण सगळ्यांनाच येते. आपली नावं. कुठे मधलं नाव नवऱ्याचं, कुठे नुसतं एक अक्षर, कुठे स्पेलिंग वेगळं, आणि आडनाव आधी टाकावं लागतं. म्हणून नावाने सापडलं नाही तर घाबरू नका, घर नंबर आणि रस्त्याच्या नावाचा फक्त पहिला शब्द टाका, पुढचं ड्राइव्ह, लेन काही टाकू नका. आणि हे पण लक्षात घ्या की ऑफिसं तीन वेगळी आहेत. किंमत ठरवतं ते अप्रेझल डिस्ट्रिक्ट, पैसे घेतो तो टॅक्स असेसर-कलेक्टर, आणि डीड म्हणजे घराचं खरेदीखत, लोनचे कागद असतात ते काउंटी क्लर्ककडे. क्लर्कच्या साइटवर विकणारा तो ग्रँटर, घेणारा तो ग्रँटी. अप्रेझलच्या पानावर डीडचा इन्स्ट्रुमेंट नंबर, म्हणजे नोंदणीचा नंबर, असतो, तोच तिकडे टाकला की सरळ आपलं डीड समोर येतं. रिफायनान्स केलं असेल, म्हणजे जुनं लोन फेडून नवं घेतलं असेल, तर जुन्या लोनचा रिलीज ऑफ लीन, म्हणजे घरावरचा बोजा उठल्याचा कागद, नोंदवलाय का तेवढं नक्की बघा, घर विकायच्या वेळी धावपळ नको.

घर घेतल्यावर तुमच्या डीडची सर्टिफाइड कॉपी काढून देतो म्हणून शंभर-शंभर डॉलर मागणारी सरकारी दिसणारी पत्रं येतात. देऊ नका. क्लर्ककडे पानाला १ डॉलर आणि सर्टिफिकेटचे ५ डॉलर, बास.

आपलं नाव, पत्ता, घराची किंमत सगळ्या जगाला दिसते याचा मला आधी राग यायचा, अजूनही थोडा येतो. पण शेजाऱ्यांची पानं पण आपल्याला दिसतात हीच तर आपली ताकद आहे. टेक्ससमध्ये घर कितीला विकलं ते काउंटीला कळवायची सक्ती नाही, म्हणून विक्रीची किंमत तिथे मिळत नाही. पण तुमच्यासारख्याच मॉडेलच्या, त्याच वर्षी बांधलेल्या घरांना काय किंमत लावलीय ते दिसतं, आणि माझ्या घराला इतरांपेक्षा जास्त लावली हे कारण प्रोटेस्टमध्ये, म्हणजे त्या किमतीवर हरकत घेताना, कायद्याने चालतं. प्रोटेस्टची मुदत १५ मे, किंवा नोटीस पाठवल्यापासून ३० दिवस, यातलं जे नंतर येईल ते. हिअरिंगच्या म्हणजे सुनावणीच्या आधी अप्रेझल डिस्ट्रिक्टचे पुरावे मागा, किमान १४ दिवस आधी ते मिळण्याचा तुम्हाला हक्क आहे. मी बिल्डरचा प्लॅन, पोकळीचे फोटो आणि चार शेजारची घरं नेली, पंधरा मिनिटांत स्क्वेअर फूट दुरुस्त झाले. मागच्या वर्षांचे पैसे मात्र आम्हाला परत मिळाले नाहीत.

आणि एक्झेम्प्शनचा, म्हणजे टॅक्सच्या सवलतीचा, रकाना! परवा एका मैत्रिणीचं पान उघडलं तर तो रिकामा. घर २०२२ चं. होमस्टेड, म्हणजे स्वतः राहत्या घराची सवलत, आपोआप लागतं असं तिला वाटत होतं. अहो, अर्ज करावा लागतो, फुकट असतो. शाळेच्या टॅक्ससाठी घराच्या किमतीतून २०२३ पासून १ लाख आणि २०२५ पासून १ लाख ४० हजार डॉलर वजा होतात, वर दुसऱ्या वर्षापासून टॅक्ससाठी धरलेली घराची किंमत वर्षाला १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवता येत नाही. अडलं कुठे तर अर्जाला ड्रायव्हिंग लायसन्सवर याच घराचा पत्ता लागतो, आणि तिच्या लायसन्सवर अजून जुन्या अपार्टमेंटचा पत्ता. उशिरा अर्ज करून साधारण दोन वर्षं मागे जाता येतं, त्याआधीचं तिचं गेलं. काल तिने लायसन्सचा पत्ता बदलायला टाकला.

शनिवारी दुपारी मी घरीच आहे. ज्यांना हे एकट्याने करायला धाकधूक वाटते त्यांनी नोटीस आणि लॅपटॉप घेऊन या, ज्यांच्या घरी आईवडील पासष्टच्या पुढचे आहेत आणि घर त्यांच्या नावावर आहे त्यांनी तर याच, त्यांचं एक्झेम्प्शन वेगळं असतं. चहा मी करते.