‘एक किलोपर्यंत गांजा चालतो’ हे धादांत खोटं आहे

माझ्या भाच्याने घरच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला आणि खाली विचारलं, "मावशी, हे खरंय ना?" मेसेज असा: एक किलोपर्यंत गांजा बाळगणं आता गुन्हा नाही, युनोने तो यादीतून काढलाय, भांग चालते तर गांजाही चालतो, आणि पकडलंच तर गुन्हा कबूल करायचा, दंड भरायचा, विषय संपला. पोरगा अजून कॉलेजात आहे. मी मुंबईत फौजदारी वकिली करते. हे लिहिणाऱ्याचा मला भयंकर राग आलाय.

एक किलो हा आकडा कायद्यात आहे, पण परवानगी म्हणून नाही. १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्यात तेवढा गांजा ‘अल्प प्रमाण’ धरतात आणि त्याला एक वर्षापर्यंत सक्तमजुरी, १० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. किलोच्या वर गेलात की १० वर्षांपर्यंत. २० किलोच्या वर किमान १० वर्षं. नुसता ओढताना सापडलात तरी सहा महिन्यांपर्यंत. शिवाय ऑक्टोबर २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने, एका अभिनेत्रीला जामीन देतानाच, स्पष्ट म्हटलं की या कायद्याखालचा प्रत्येक गुन्हा अजामीनपात्र आहे, प्रमाण कितीही असो. थोडा माल असेल तर कोर्ट जामीन देतं, पण तो मागावा लागतो.

युनोचं अर्धं खरं आहे, तेवढं मान्य करते. डिसेंबर २०२० मध्ये २७ विरुद्ध २५ मतांनी गांजा युनोच्या अमली पदार्थ कराराच्या सगळ्यात कडक परिशिष्टातून निघाला, भारतानेही बाजूने मत दिलं. त्याच कराराच्या पहिल्या परिशिष्टात तो अजून आहे, म्हणजे नियंत्रण आहेच, आणि गांजासाठी शिक्षा सांगणारं आपल्या कायद्याचं कलम २० जागच्या जागी आहे. कायद्यातला गांजा म्हणजे झाडाचे फुलोरे; भांग पानांची, म्हणून ती एनडीपीएसमध्ये येत नाही. महाराष्ट्रात तिलाही दारूबंदी कायद्याखाली परवाना लागतो.

आता ते ‘कबूल करून टाका’. कबुली म्हणजे दोषसिद्धी. दंडाची पावती हातात पडते तेव्हा तुम्ही शिक्षा झालेले आरोपी असता. सरकारी नोकरीच्या चारित्र्य पडताळणीत ते लिहावं लागतं, अमेरिकेच्या व्हिसाच्या अर्जातही. पुन्हा सापडलात तर कमाल शिक्षा दीडपट होऊ शकते.

कोर्टात हे कसं घडतं ते मी बघते. पायात स्लीपर, अंगावर कालचाच शर्ट, नाक्यावर काम शोधणारा माणूस. वकील नाही. पुन्हा तारखेला आला तर दिवसाची मजुरी बुडते. कुणीतरी कानात सांगतं, "कबूल कर, सुटशील." न्यायाधीश विचारतात, तो मान हलवतो, पाच मिनिटांत निकाल. विधी सेंटर फॉर लीगल पॉलिसी या कायदेविषयक संशोधन संस्थेने मुंबईतल्या दंडाधिकारी न्यायालयांचे २०१७ आणि २०१८ मधले दहा हजारांहून अधिक एनडीपीएस खटले तपासले. जवळपास सगळे स्वतःच्या सेवनाचे, बहुतांश गांजाचे, आणि शिक्षा कबुलीवर. पोलीस, कोर्ट, सरकारी वकील यांचा एवढा वेळ चिलीम ओढणाऱ्यांवर जातो. माल पुरवणारा यात कुठे आहे, हे विचारायला हवं.

मेसेजमध्ये याच कायद्याच्या कलम ६४अ चा उल्लेखही नाही. व्यसनी माणूस अल्प प्रमाणासह किंवा सेवनाच्या गुन्ह्यात सापडला आणि स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घ्यायला तयार झाला, तर त्याच्यावरचा खटला टळू शकतो. मात्र उपचार पूर्ण करावे लागतात, आणि हे कोर्टासमोर मांडायचं ते मान हलवण्याआधी.