रसेलच्या ११ रिंग्स टीममेट्सनी दिल्या म्हणे!

एनबीएचा, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगचा, सगळ्यात भारी प्लेयर कोण ही चर्चा निघाली की जॉर्डनवाले आणि लेब्रॉनवाले एकमेकांच्या उरावर बसतात, आणि मध्येच कोणी विचारलं की मग ११ रिंग्सवाल्या (रिंग म्हणजे चॅम्पियन झाल्यावर मिळणारी अंगठी) बिल रसेलचं काय, की लगेच दोन्ही पार्ट्यांची युती होते आणि एक ठरलेलं उत्तर तोंडावर फेकलं जातं. ते साधारण असं असतं: "रसेलच्या रिंग्स फुकटच्या. लीगमध्ये टीमच आठ होत्या. सोबत अर्धं हॉल ऑफ फेम (बास्केटबॉलच्या दिग्गजांची मानाची यादी) खेळत होतं. कोच रेड आवरबाख. हा स्वतः मॅचला १५ पॉइंट मारणारा. विल्ट चेंबरलेनला असे टीममेट्स मिळाले असते तर ११ रिंग्स त्याच्या असत्या."

पाच-सहा वाक्यं आहेत आणि प्रत्येकात थोडं थोडं खरं आहे, म्हणूनच ते इतकं शेअर होतं. आता एकेक घेऊ.

आठ टीमवाला मुद्दा आधी संपवतो. रसेल आला १९५६ च्या डिसेंबरमध्ये, मेलबर्न ऑलिंपिकचं गोल्ड घेऊन, तेव्हा लीगमध्ये आठच टीम होत्या हे खरंय. पण तो रिटायर झाला १९६९ ला आणि त्या सीझनला १४ टीम होत्या, म्हणजे "आठ टीमची लीग" हे त्याच्या करियरच्या पहिल्या चार-पाच वर्षांपुरतंच बरोबर आहे. आणि टीम कमी म्हणजे सोपं हे गणित कुठून आलं देव जाणे. टीम कमी असल्या की प्लेयरच्या जागाही कमी, म्हणजे भरतीचे प्लेयर कमी आणि त्याच तगड्या लोकांशी पुन्हा पुन्हा गाठ. रसेल सेंटर, म्हणजे बास्केटजवळ खेळणारा उंच प्लेयर, आणि त्याच्या तोडीचा समोरचा सेंटर म्हणजे विल्ट. एकट्या विल्टशी रसेल रेग्युलर सीझन आणि प्लेऑफ धरून १४० पेक्षा जास्त वेळा भिडला, आजचे दोन मोठे सेंटर आख्ख्या करियरमध्ये याच्या जवळपासही जात नाहीत.

हां, इथे एक गोष्ट दावेवाल्यांच्या बाजूने आहे जी ते स्वतः कधी बोलत नाहीत. त्या काळात डिव्हिजनमध्ये पहिला नंबर आला की पहिल्या राउंडला सुट्टी मिळायची, त्यामुळे रसेलच्या टीमला, बॉस्टन सेल्टिक्सला, बऱ्याच वर्षी दोनच सिरीज जिंकायला लागल्या, आज चार लागतात. शिवाय काळे प्लेयर किती घ्यायचे याची न लिहिलेली मर्यादा बऱ्याच टीम पाळायच्या, म्हणजे तेव्हाच्या लीगमध्ये देशातले सगळे बेस्ट प्लेयर होते असंही नाही. रसेलच्या रिंग्स कमी मोलाच्या ठरवायच्या असतील तर या दोन मुद्द्यांवर बोला, मी पण बसेन चर्चेला. नुसतं "आठ टीम आठ टीम" नको.

आता मुख्य गोष्ट, टीममेट्स. यावर जरा वेळ घेणार आहे कारण सगळी मजा इथेच आहे.

बॉब कूझी, बिल शर्मन, एड मकॉली. तिघेही हॉल ऑफ फेमर. हे तिघे १९५१ पासून ५६ पर्यंत बॉस्टनला एकत्र खेळले, कोच तोच आवरबाख. किती रिंग्स? शून्य. बरं रिंग सोडा, एकदा तरी फायनल गाठली? नाही. मग १९५६ च्या ड्राफ्टमध्ये (टीम आळीपाळीने नवे प्लेयर निवडतात ते) आवरबाखने काय केलं, तर मकॉली आणि सोबत क्लिफ हेगन, जो पुढे स्वतः हॉल ऑफ फेममध्ये गेला, असे दोन प्लेयर सेंट लुईस हॉक्सला देऊन टाकले आणि त्या बदल्यात दोन नंबरच्या पिकवर रसेल घेतला. म्हणजे टीममधून एक हॉल ऑफ फेमर आणि एक होणारा हॉल ऑफ फेमर गेला, रसेल आला, आणि त्याच सीझनला पहिली रिंग. त्याच वर्षी टॉम हाइनसन पण रूकी, म्हणजे पहिल्याच सीझनचा प्लेयर, म्हणून आला होता, त्याचं क्रेडिट त्याला द्यायलाच हवं, रूकी ऑफ द इयर तोच होता आणि फायनलच्या सातव्या मॅचमध्ये त्याने ३७ पॉइंट आणि २३ रिबाउंड (हुकलेल्या शॉटचा बॉल पकडणं) काढले. पण त्याच मॅचमध्ये ते दोन दिग्गज टीममेट्स काय करत होते बघा: कूझी २० पैकी २ शॉट, शर्मन २० पैकी ३. दोघांचे मिळून ४० पैकी ५! आणि तरी सेल्टिक्स डबल ओव्हरटाइममध्ये १२५-१२३ जिंकले, रसेलचे १९ पॉइंट आणि ३२ रिबाउंड. टीममेट्सनी उचलून नेलं म्हणायचं तर त्या दिवशी एका रूकीने दुसऱ्या रूकीला उचललं असं म्हणा फार तर.

पुढच्या वर्षी, १९५८, पुन्हा तेच हॉक्स समोर. सिरीज १-१ आणि तिसऱ्या मॅचमध्ये रसेलचा घोटा गेला. कूझी आहे, शर्मन आहे, हाइनसन आहे, सॅम जोन्सही रूकी म्हणून आलाय, आवरबाख बाकावर आहेच. हरले, ४-२. सहाव्या मॅचला हॉक्सच्या बॉब पेटिटने ५० पॉइंट ओतले. १३ सीझनमध्ये रसेलला रिंग मिळाली नाही ती फक्त दोनदा, एक हे वर्ष आणि दुसरं १९६७, जेव्हा विल्टच्या सिक्सर्सनी त्यांना सरळ ४-१ ने धुतलं, त्यात कारणं द्यायला जागा नाही, ते भारी होते.

मग कूझी १९६३ ला रिटायर झाला. लीगचा सगळ्यात मोठा पासर गेला. त्यानंतर सेल्टिक्स १९६४ जिंकले, ६५ जिंकले, ६६ जिंकले. शर्मन तर त्याच्याही आधी, ६१ ला गेला होता. फ्रँक रॅमझी गेला, हाइनसन गेला, माणसं बदलत राहिली आणि चॅम्पियनशिपचे बॅनर चढत राहिले, ११ च्या ११ वेळा टीममध्ये कॉमन असलेला एकच माणूस आहे. सॅम जोन्सकडे १० आहेत, तोही रसेलच्याच सोबत.

आणि शेवट बघा. १९६८-६९ ला सेल्टिक्स ४८-३४ (४८ जिंकले, ३४ हरले) होते आणि चॅम्पियन झाले. रसेल रिटायर झाला. पुढच्या सीझनला रेकॉर्ड आला ३४-४८. आकडे अक्षरशः उलटले आणि प्लेऑफलाही पोचले नाहीत. जॉन हॅव्लिचेक होता ना टीममध्ये, ऐन भरात होता. सॅम जोन्सही त्याच वेळी रिटायर झाला आणि कोच नवीन आला हे मान्य, सगळा फरक एकट्या रसेलचा नाही. पण "टीममेट्सच सगळं करत होते" असं म्हणणाऱ्याने हा एक आकडा तरी समजावून सांगावा.

आता हॉल ऑफ फेमच्या यादीबद्दल. "सोबत इतके हॉल ऑफ फेमर" असं म्हणताना कोणी यादी उघडून बघतं का? के. सी. जोन्स, करियरची सरासरी ७.४ पॉइंट. सॅच सँडर्स, साडेनऊच्या आसपास. दोघेही कडक डिफेंडर, मला स्वतःला के. सी. फार आवडतो, पण ही माणसं एखाद्या हरणाऱ्या टीममध्ये असती तर हॉल ऑफ फेमच्या दारात कोणी उभं केलं असतं का? रिंग्समुळे ते हॉल ऑफ फेमर झाले आणि आता ते हॉल ऑफ फेमर आहेत म्हणून रिंग्स सोप्या होत्या म्हणायचं, हे म्हणजे गोल गोल फिरणं झालं. हॅव्लिचेकचं वेगळं आहे, त्याने रसेलनंतर १९७४ आणि ७६ ला पण जिंकून दाखवलं, तो कुठेही मोठा झाला असता.

आणि हो, रसेल टीममेट्सवर अवलंबून होता का? होता की! १९६५ ची ईस्टर्न फायनल, सातवी मॅच, सिक्सर्ससमोर ११०-१०९, पाच सेकंद उरलेत आणि बॉल रसेलच्या हातात, फक्त आत फेकायचाय. त्याने फेकला तो बास्केट धरून ठेवणाऱ्या वायरला लागला आणि बॉल गेला समोरच्यांकडे. आख्खा सीझन पाच सेकंदात घालवायची वेळ त्याने आणलेली, आणि हॅव्लिचेकने पास मधल्या मधे पळवून वाचवलं. बॉस्टनच्या रेडिओवरची ती कॉमेंट्री आजही ऐकवतात लोक. शेवटचा शॉट मारायचा असेल तर तो सॅम जोन्स मारायचा, रसेल नाही. हे सगळं कबूल, पण हाच खेळ आहे ना. मॅजिक जॉन्सनकडे करीम आणि वर्दी होते, लॅरी बर्डकडे मॅकहेल आणि पॅरिश, जॉर्डनकडे पिपेन, तिथे "त्याने टीमला मोठं केलं" म्हणायचं आणि रसेलच्या बाबतीत "टीमने त्याला मोठं केलं", ही दोन मापं कशाला?

१५ पॉइंटवाल्या मुद्द्याला येऊ. सरासरी १५.१ पॉइंट, बरोबर. सोबत २२.५ रिबाउंड, ते मात्र दाव्यात सोयीस्करपणे गायब. शूटिंग ४४ टक्के म्हणून हसतात, पण तो आला तेव्हा आख्ख्या लीगचंच शूटिंग चाळिशीच्या आत-बाहेर होतं. आणि त्याचं जे खरं काम, ब्लॉक, म्हणजे समोरच्याचा शॉट हवेतच अडवणं, ते एनबीए १९७३-७४ पर्यंत मोजतच नव्हती. म्हणजे ज्या गोष्टीत तो इतिहासातला सगळ्यात भारी असू शकतो तिचा अधिकृत आकडा शून्य आहे, शून्य म्हणजे नोंदच नाही, आणि आपण उरलेल्या आकड्यांवरून त्याला मोजतोय. बरं मोजले असते तरी अर्धंच कळलं असतं. कबड्डीत लेफ्ट कॉर्नरला दांडगा माणूस असला की रेडर त्या बाजूला जातच नाही, आणि न गेलेली रेड स्कोअरशीटवर कुठे येते? तसंच होतं ते. शिवाय रसेल बॉल प्रेक्षकांत भिरकावून हिरोगिरी करायचा नाही, हलका टॅप करून बॉल खेळातच ठेवायचा आणि तिथूनच सेल्टिक्सचा फास्ट ब्रेक, म्हणजे समोरचे सावरायच्या आत झटपट हल्ला, सुटायचा. म्हणजे कूझीच्या ज्या पासेसवर टाळ्या पडायच्या त्यातल्या बऱ्याच पासेसची सुरुवात रसेलच्या रिबाउंडने किंवा ब्लॉकने झालेली असायची.

आणखी एक. टीममेट्स इतके भारी स्कोअरर होते तर सेल्टिक्सचं शूटिंग लीगमध्ये एक नंबर असायला हवं होतं. ते बऱ्याच वर्षी लीगच्या सरासरीपेक्षा खाली होतं! ती टीम डिफेन्सवर जिंकायची, आणि डिफेन्सचा मालक कोण ते लहान पोरालाही माहीत होतं.

हे बाहेरून आपण आज बोलतोय असं नाही, तेव्हाच्या प्लेयर्सचं मत नोंदवलेलं आहे. १९६१-६२ चा सीझन घ्या. विल्टची सरासरी ५०.४, एका मॅचला १०० पॉइंट. ऑस्कर रॉबर्टसनची सीझनभर ट्रिपल-डबलची (पॉइंट, रिबाउंड, असिस्ट तिन्ही दहाच्या वर) सरासरी. एमव्हीपी, म्हणजे सीझनचा सगळ्यात मोलाचा प्लेयर, कोण? रसेल. आणि तेव्हा एमव्हीपीचं मतदान प्लेयर्स करायचे. पत्रकारांनी त्याच वर्षी ऑल-एनबीए फर्स्ट टीममध्ये (सीझनच्या पाच बेस्ट प्लेयर्सच्या यादीत) विल्टला घेतलं आणि रसेलला सेकंडमध्ये टाकलं. ज्यांना रोज त्याच्यासमोर बास्केटखाली घुसायला लागायचं त्यांचं मत एक, आणि टेबलावर बसून आकडे लिहिणाऱ्यांचं मत दुसरं. त्या वर्षीच्या फायनलच्या सातव्या मॅचला लेकर्ससमोर ३० पॉइंट, ४० रिबाउंड. ४०. असे पाच एमव्हीपी आहेत त्याच्याकडे.

विल्टला टीममेट्स नव्हते, हे मला सगळ्यात जास्त खटकतं. वॉरियर्समध्ये त्याच्यासोबत पॉल अरिझिन आणि टॉम गोला, पुढे नेट थर्मंड. सिक्सर्समध्ये हॅल ग्रीअर, चेट वॉकर, बिली कनिंगहॅम. लेकर्समध्ये जेरी वेस्ट आणि एल्जिन बेलर. ही माणसं सगळी हॉल ऑफ फेममध्ये आहेत, यापेक्षा अजून काय द्यायचं त्याला, घर बांधून? १९६७ ला तो जिंकला तेव्हा तशी टीम होती, आणि तीच टीम १९६८ ला सेल्टिक्सविरुद्ध ३-१ ने पुढे असून हरली, एनबीएच्या प्लेऑफमध्ये ३-१ वरून पलटलेली ती पहिली सिरीज. कनिंगहॅम जखमी होता हे सांगितलं पाहिजे, नाहीतर मी पण त्यांच्यासारखाच अर्धवट बोलतोय असं होईल. विल्ट थोर होता, त्याला कमी लेखून रसेल मोठा होत नाही. पण "बिचारा एकटा लढला" हे नका सांगू.

राहिला आवरबाख. बॉस्टनला तो १९५० ला आला आणि रसेल येईपर्यंत एकही रिंग नाही, हे वर आलंच. आणि १९६६ नंतर त्याने कोचिंग सोडलं, तेव्हा रसेल स्वतः प्लेयर-कोच झाला, एनबीएचा पहिला काळा हेड कोच. त्या तीन सीझनमध्ये दोन रिंग्स. आवरबाख जनरल मॅनेजर म्हणून टीम बांधत होताच, ते क्रेडिट त्याचं, पण बाकावर तो नव्हता.

"आज खेळला असता तर" यावर मी बोलणार नाही, आज खेळला असता तर त्याला आजचं ट्रेनिंग, आजचे बूट आणि आजचे डॉक्टर पण मिळाले असते, विषय संपला.

१९६९ ची शेवटची मॅच तेवढी सांगतो. सेल्टिक्स म्हातारे झालेले, ईस्टमध्ये चौथे आलेले. समोर विल्ट, वेस्ट, बेलर, तिघे एकाच टीममध्ये, सातवी मॅच लॉस एंजेलिसला, लेकर्सच्या मालकाने जिंकल्यावर सोडायला छताला फुगे बांधून ठेवलेले. वेस्टने ४२ पॉइंट, १३ रिबाउंड, १२ असिस्ट केले, हरलेल्या टीमचा असून फायनल्स एमव्हीपी त्यालाच दिला. विल्ट शेवटी गुडघा दुखावून बाहेर बसला आणि कोचने त्याला परत घेतलंच नाही, तो वाद वेगळाच. हॅव्लिचेकचे २६, सॅम जोन्सचे २४, आणि डॉन नेल्सनचा तो शॉट जो रिंगवर आपटून वर उडाला आणि सरळ आत पडला. सेल्टिक्स १०८-१०६. रसेलचे पॉइंट किती? ६. रिबाउंड २१, ४८ मिनिटं कोर्टवर, आणि कोच पण तोच. आता यावरून कोणाला "बघा, टीममेट्सनीच जिंकवलं" असं म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा, फक्त पुढच्या सीझनचा ३४-४८ त्याच्या शेजारी लिहा.