10 मिमीची पट्टी लावली की विषय संपतो का?

काका, नमस्कार. (‘तुझ्या काकाच्या वयाचा आहे’ असं तुम्हीच लिहिलंत, म्हणून काका.) मागच्या लेखाला तुम्ही चांगलंच झोडपलंत. तुमचं म्हणणं असं: एफईए (वस्तूचे कॉम्प्युटरवर बारीक तुकडे पाडून कुठे किती ताण येतो हे काढायची पद्धत) म्हणजे रंगीत चित्रं दाखवून गिऱ्हाइकाला गुंडाळायचा धंदा, ब्रॅकेट (यंत्र धरून ठेवणारा आधार) तुटला तर 8 मिमीच्या जागी 10 मिमीची पट्टी लावावी, आणि नॉर्वेतला तो तेलाचा प्लॅटफॉर्म एफईएनेच बुडवला.

नॉर्वेचं आधी घेतो. 23 ऑगस्ट 1991, स्टाव्हांगरजवळचा गान्सफ्योर्ड. ‘स्लाइपनर ए’ या त्या प्लॅटफॉर्मचा काँक्रीटचा पाया चाचणीसाठी पाण्यात खाली उतरवत होते. एक भिंत फुटली आणि अख्खा पाया तळाला गेला. गोल कोठ्या एकमेकींना भिडतात तिथे मधे त्रिकोणी पोकळी राहते. एफईएत नेमकी तिथली मेश (पाडलेल्या तुकड्यांची जाळी) ढोबळ होती, शिअर स्ट्रेस (कातरणारा ताण) 47 टक्के कमी दिसला, भिंत त्या मानाने बारीक राहिली, आतल्या सळ्याही आखूड पडल्या. इथवर तुमचं खरं. पण अपघातानंतर तोच भाग एफईएनेच काळजीपूर्वक पुन्हा सोडवला, तेव्हा उत्तर आलं की भिंत 62 मीटर खोलीवर फुटेल. प्रत्यक्षात ती 65 मीटरवर फुटली होती! हे तुमच्या प्रतिक्रियेत नव्हतं.

रंगीत चित्रांबद्दल मात्र मी तुमच्याच बाजूने आहे. मेश कितीही वाईट असो, सॉफ्टवेअर रंग गुळगुळीतच भरतं. आतला कोपरा फिलेट (गोलाई) न देता काटकोनात ठेवला, तर मेशचे तुकडे अर्ध्या मापाचे केले की तिथला स्ट्रेस तिसऱ्या हिश्शाहून जास्त वाढतो. पुन्हा अर्धी करा, पुन्हा तेवढाच वाढतो. तो आकडा कुठेच थांबत नाही, कारण त्या टोकाला खरं उत्तरच नाही. तरी रिपोर्टमध्ये तो लाल ठिपका ‘मॅक्सिमम स्ट्रेस’ म्हणून दिमाखात छापलेला मी पाहिलाय.

आणि मीही फसलोय. एका कॉम्प्रेसरच्या ब्रॅकेटमध्ये मी चारही बोल्टची भोकं मॉडेलमध्ये पक्की धरली, जणू ब्रॅकेट पहाडाला ठोकलाय. स्ट्रेस आला 140 मेगापास्कल, साध्या पोलादाची यील्ड (ज्या ताणाला ते कायमचं वाकतं) 250, मी खूश. टेस्ट रिगवर दुसऱ्याच दिवशी वेल्डच्या टोकाला भेग. खरं तर ब्रॅकेट बसला होता 2 मिमीच्या पत्र्यावर, आणि तो पत्रा प्रत्येक थरथरीला आत-बाहेर होत होता. पत्रा मॉडेलमध्ये घेतल्यावर वेल्डजवळचा स्ट्रेस दुपटीवर गेला. शिवाय थकव्याने, म्हणजे पुन्हापुन्हा थरथरून, वेल्ड तुटायची असेल तर यील्डशी तुलना करून काही कळत नाही, हे मला पाठ असूनही मी तीच तुलना केली होती. सॉल्व्हरने (हिशेब करणाऱ्या सॉफ्टवेअरने) मी विचारलेल्या प्रश्नाचं बरोबर उत्तर दिलं. प्रश्नच चुकीचा होता. तेव्हापासून बाउंड्री कंडिशन (वस्तू कुठे, कशी धरलीय) लिहिण्याआधी मी शॉपवर जाऊन ती वस्तू हाताने हलवून बघतो, आणि रन लावण्याआधी कॅन्टिलिव्हरचा (एका टोकाला धरलेल्या दांड्याचा) साधा हिशेब कागदावर मांडतो. दोन्ही उत्तरं जवळपास जुळली नाहीत तर रिपोर्ट बाहेर जात नाही.

आता तुमची 10 मिमीची पट्टी. वजन 25 टक्क्यांनी वाढलं, वाकण्याला विरोध जवळपास दुप्पट झाला. ती पट्टी वाचेलही. पण ती वाकायची थांबली की ते वाकणं जातं कुठे? शेजारच्या पत्र्यात, नाहीतर वेल्डमध्ये. मग तुम्ही पत्रा जाड करता, मग त्याच्या पलीकडचं काहीतरी तुटतं. हा खेळ मी दोन ठिकाणी पाहिलाय, आणि दोन्हीकडे शेवटी भाग बारीक करून, आकार बदलून प्रश्न सुटला. भार कुठून कुठे जातोय हे बघायला मला एफईए हवी असते, पास-नापासच्या शिक्क्यासाठी नाही.

नमुना बनवून तोडून बघावा, हे तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. फक्त स्ट्रेन गेज (ताणाने होणारा बदल मोजणारी पट्टी) चिकटवायचा कुठे, हे आधी ठरवावं लागतं, आणि चार आकारांपैकी तीन कागदावरच बाद झाले तर वेल्डरचा आठवडा वाचतो.

एक राहिलं. तुम्ही लिहिलेला तो तुटलेला ब्रॅकेट अजून पडला असेल तर बघून सांगा, भेग गसेटच्या (कोपऱ्यातल्या त्रिकोणी आधारपट्टीच्या) टोकाला सुरू झाली की बोल्टच्या भोकाला? माझी पैज गसेटवर आहे. भोकाला असेल तर पुढचा चहा माझ्याकडून.