शिवसुमन, माकडशिंग आणि एक फॉरवर्ड

गणपतीच्या दिवसांत आमच्या ग्रुपवर एक मेसेज फिरत आला. त्यात लिहिलं होतं: 'शिवनेरीवरचं शिवसुमन आता दुर्मीळ राहिलेलं नाही. नर्सरीत कुंडीत मिळतं. आपल्या पाटणादेवीच्या डोंगरात तर ढिगानं उगवतं. बारा वर्षांतून एकदा फुलतं, अंगातली चरबी झाडतं. एक फांदी आणा, घरी लावा, निसर्ग वाचवा.' खाली अंगठे, जोडलेले हात आणि एकाचं अहिराणीत: 'हाई ते आमना डोंगरमा बी शे!'

दोन दिवसांनी शेजारचा कॉलेजात जाणारा पोरगा ओल्या रुमालात गुंडाळलेली फांदी घेऊन दारात उभा. 'काका, शिवसुमन आणलं.'

फांदी हातात घेतली. बोटांत फिरवली की चार कडा लागत होत्या, लांबट चौकोनी पेन्सिलीसारख्या. टोकाकडे निमुळती होत गेलेली, तिथे नखाएवढी जांभळट फुलं, पाकळ्यांच्या कडेला बारीक केस. पानाचा पत्ता नाही. हे माकडशिंग. कोरड्या माळावर, काटेरी झुडपांच्या बुडाशी, जिथे शेळीचं तोंड पोचत नाही तिथे उभं राहणारं. शिवसुमन, म्हणजेच शिंदळ माकुडी, वेगळं. त्याचं खोड गोल, गुळगुळीत, कड्यावरून खाली लोंबणारं, आणि पावसाळ्यात त्याला चक्क पानं येतात: चपटी, मांसल, लंबगोल. या कुळातल्या आपल्याकडच्या बाकीच्या मांसल खोडाच्या भावंडांना नाव घेण्यासारखं पान नसतं, म्हणून ओळखायला हीच खूण पुरते. फूल साधारण रुपयाच्या नाण्याएवढं, गडद तपकिरी-लाल, त्यावर पिवळे डाग. गोंधळ होतो तो नावामुळेही, कारण 'माकुडी', 'माकड' ही नावं लोक दोघांनाही लावतात. तेव्हा ढिगानं आहे ते माकडशिंग. शिवसुमनाची नोंद आहे ती जुन्नर-शिवनेरी, पुरंदरजवळचा वज्रगड, सज्जनगड, रंधा धबधब्याचा परिसर अशा सह्याद्रीतल्या मोजक्या कड्यांवर.

'दगड तर तोच ना?' हा प्रश्न पोराने विचारला, आणि तो वाईट नाही. चाळीसगावजवळचा पाटणादेवीचा डोंगर ज्या अजिंठ्याच्या रांगेत येतो, तिथला काळा कातळ आणि शिवनेरीचा कातळ एकाच जातीचा. पण तोच कातळ पार नागपूरकडे पसरलाय. एवढ्यावरून फूल उगवलं असतं तर ते अर्ध्या महाराष्ट्रात सापडलं असतं.

आता 'दुर्मीळ राहिलेलं नाही' हा भाग. मेसेजचा सगळा जीव इथे आहे आणि सगळी चूकही. कुंडीत मिळतं हे खरंच आहे. फांदी खोचली की मुळं धरते, आणि निवडुंगासारखी झाडं जमवणारे हौशी लोक परदेशातही ते वाढवतात. पण आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या जागतिक संघटनेची धोक्यातल्या जातींची 'लाल यादी' असते, तिचे निकष रानातली झाडं मोजतात, गॅलरीतली नाही. रानात वाढलेली, बी धरू शकणारी झाडं अडीचशेच्या खाली गेली तर जात 'संकटग्रस्त', पन्नासच्या खाली गेली तर 'अतिसंकटग्रस्त'. झाडांची नीट मोजणी नसली तरी प्रत्यक्ष व्यापलेली जागा पाहतात. ती 500 चौरस किलोमीटरच्या आत असली, तुकड्यातुकड्यांत विखुरलेली असली आणि घटत असली, तरी संकटग्रस्तच. शिवाय 'रानातून नामशेष' असा वेगळाच वर्ग त्या यादीत आहे. तो आहेच अशा जातींसाठी, ज्या फक्त बागेत उरल्यात. कुंडीवरून दुर्मिळता ठरत असती तर हा वर्ग करायची गरजच पडली नसती.

शिवाय एका झाडाच्या फांद्या तोडून शंभर कुंड्या केल्या तरी जनुकांच्या हिशेबात ते एकच झाड. भरिताचं एकच वांगं शंभर ताटांत वाढल्यासारखं. कड्यावर मात्र माश्या परागकण नेतात, शेंगा उकलून रेशमी केस लावलेलं बी वाऱ्यावर जातं, त्यातलं एखादं फटीत रुजतं, आणि ते रोप आईबापांपेक्षा वेगळं निघतं. पुण्यातल्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या लोकांनी रोपं तयार करून ती पुन्हा डोंगरात लावण्याचे प्रयत्न केले ते याचसाठी. ती रोपं विकायला नव्हती.

या फुलाचं शास्त्रीय नाव फ्रेरिया इंडिका. एकोणिसाव्या शतकाच्या साठीच्या दशकात डॅलझेल नावाच्या वनाधिकाऱ्याने ते मुंबईचा तेव्हाचा गव्हर्नर बार्टल फ्रेअर याच्यावरून ठेवलं. आता काही वनस्पतिशास्त्रज्ञ त्याला कंदीलपुष्पांच्या गटात, सेरोपेजियात धरतात. साहेबाचं नाव गेलं नाही, नुसतं मागच्या बाकावर गेलं: सेरोपेजिया फ्रेरेई.

'बारा वर्षांतून एकदा' याला दोन ओळी पुरेत. ते दरवर्षी पावसाळ्याच्या उत्तरार्धात आणि नंतर फुलतं. बरीच वर्षं थांबून एकदम फुलते ती कारवी. कोणीतरी दोन्ही एका भांड्यात ढवळलंय.

चरबीचं मूळ कुठलं, तेही सांगतो. माकडशिंगाचा अर्क भूक मारणारा म्हणून गोळ्यांत विकला जातो. कोवळी खोडं मीठ लावून खाणारे लोकही आहेत. ते सगळं माकडशिंगाचं. नाव शिवसुमनाचं आणि गुण शेजाऱ्याचे, असा हा मेसेज. खरी भीती अशी की उद्या कोणी याच भरवशावर जुन्नरला जाऊन कड्यावर हात घालेल.

राहिली 'एक फांदी आणा'. पाटणादेवीचा डोंगर गौताळा औट्रमघाट अभयारण्यात येतो. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम 29 प्रमाणे अभयारण्यातून परवानगीशिवाय काही उचलता येत नाही, मग ते माकडशिंग का असेना. आणि शिवसुमन तर निर्यातबंदी असलेल्या वनस्पतींच्या केंद्र सरकारच्या 1998 च्या यादीत नावानिशी आहे. सगळी कंदीलपुष्पंही त्याच यादीत आहेत.

पोरगा जरा ओशाळला. 'काका, मग आता हिचं काय करू?' म्हटलं, तोडलीच आहेस तर निदान नीट फोटो काढ. त्याने फांदी आडवी धरून चारही कडा दिसतील असा फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला: 'चार कडा, पान नाही. हे माकडशिंग आहे, शिवसुमन नाही.'

पाचच मिनिटांत उत्तर आलं. 'मंग चरबी ते कमी व्हस ना?'