‘लहान होड्यांचे दिवस संपले’ या दाव्याचा प्रतिवाद

लहान प्रमाणावरील मासेमारीविषयी एक दावा सध्या सर्वत्र फिरतो आहे. तो इतक्या ठामपणे मांडला जातो, की त्यात तपासण्यासारखे काही आहे असे ऐकणाऱ्याला वाटतच नाही. दावा थोडक्यात असा: लहान होड्यांची मासेमारी आता नगण्य आणि अकार्यक्षम झाली आहे, जगाला मासळी पुरवतात त्या मोठ्या यांत्रिक नौका, समुद्र कोणाच्याच मालकीचा नसल्याने किनाऱ्यावरच्या समाजांना विशेष हक्क दिले तर उपसा आणखी वाढेल, म्हणून मासळीचे कोटे, म्हणजे कोणी किती मासळी पकडायची याचे ठरलेले वाटे, खरेदी-विक्रीला खुले करावेत आणि या लोकांना दुसरा रोजगार द्यावा. यातले प्रत्येक विधान वेगळे तपासायला हवे, कारण त्यांतल्या काहींत अर्धे सत्य आहे आणि ते खोडताना घाई केली तर आपलीच बाजू कच्ची पडते.

‘नगण्य’ या शब्दाला उत्तर देणे सर्वांत सोपे आहे. संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना, अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठ आणि वर्ल्डफिश ही संशोधन संस्था यांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार समुद्रातून आणि नद्या-तलावांतून पकडल्या जाणाऱ्या एकूण मासळीपैकी सुमारे ४० टक्के मासळी लहान प्रमाणावरील मासेमारीतून येते. या क्षेत्रातील एकूण रोजगारापैकी ९० टक्के रोजगार हीच मासेमारी देते. केवळ पोटापुरती मासेमारी करणारे आणि त्यांची कुटुंबे धरली तर सुमारे ४९ कोटी लोकांचे जगणे तिच्यावर पूर्णतः किंवा अंशतः अवलंबून आहे. हे आकडे इतकी वर्षे दिसत नव्हते, याचे कारण मोजणीच्या पद्धतीत आहे. मोठी नौका बंदरात येते, तिथे वजन होते, कागद होतो आणि निर्यातीच्या नोंदीत तो माल पुन्हा एकदा दिसतो. लहान होडी मात्र एखाद्या पुळणीवर लागते, तिची मासळी तासाभरात आसपासच्या गावांत विकली जाते आणि उरलेली घरी शिजते किंवा सुकवली जाते. ओहोटीच्या वेळी खडकांत शिंपले वेचणाऱ्या बाईची तर होडीच नसते, त्यामुळे तिची नोंद कुठल्याच रकान्यात बसत नाही. जे मोजले गेले नाही ते अस्तित्वातच नाही असे मानून धोरण आखले गेले, आणि त्याच धोरणाने या लोकांना पुढच्या मोजणीतूनही वगळले.

कार्यक्षमतेचा मुद्दा जरा सावधपणे हाताळावा लागेल. थव्याने फिरणारी लहान मासळी पर्ससीन, म्हणजे थव्याला घेरून ओढल्या जाणाऱ्या, जाळ्याने पकडताना किलोमागे लागणारे इंधन अतिशय कमी असते, हे खरे आहे आणि ते मान्य करायला हवे. परंतु कार्यक्षमता किलोमागच्या इंधनावरच मोजायची असे कोणी ठरवले? पकडलेल्या मासळीचे पुढे काय होते, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. औद्योगिक नौकांच्या मासळीचा मोठा हिस्सा भुकटी आणि तेल करण्याच्या कारखान्यांत जातो, तर लहान होड्यांची जवळपास सर्व मासळी माणसांच्या ताटात येते. अन्न व कृषी संघटनेच्या २०१९ च्या अहवालानुसार सागरी मासेमारीत दरवर्षी सुमारे ९१ लाख टन मासळी पकडून पुन्हा समुद्रात फेकली जाते आणि तिच्यातला जवळजवळ निम्मा वाटा तळ खरवडत जाणाऱ्या ट्रॉलर जाळ्यांचा असतो. शिवाय मोठ्या नौकांची ही यंत्रणा स्वतःच्या बळावर उभी नाही. २०१८ या वर्षाच्या एका जागतिक अंदाजानुसार सरकारांनी मासेमारीला दिलेले अनुदान ३,५४० कोटी डॉलरच्या घरात होते आणि त्यातले सुमारे २,२२० कोटी डॉलर इंधन, नौकाबांधणी अशा थेट मासेमारीची क्षमता वाढवणाऱ्या गोष्टींवर गेले. अनुदानाचा चार-पंचमांशाहून अधिक हिस्सा मोठ्या प्रमाणावरील मासेमारीला मिळतो असेही याच क्षेत्रातल्या अभ्यासांत आढळले आहे. ज्याला डिझेल स्वस्त मिळते त्याला कार्यक्षम म्हणायचे आणि ज्याला मिळत नाही त्याला कालबाह्य ठरवायचे, ही तुलना मुळातच न्याय्य नाही. जागतिक व्यापार संघटनेत २०२२ साली झालेला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये अमलात आलेला अनुदानविषयक करार बेकायदेशीर मासेमारीला आणि आधीच खालावलेल्या साठ्यांवरील मासेमारीला मिळणारे अनुदान रोखतो. पण ताफ्यांची क्षमता फुगवणाऱ्या अनुदानाचा मुख्य प्रश्न त्याने पुढच्या वाटाघाटींवर ढकलला आहे.

आता या दाव्याचा कणा असलेले विधान. समुद्र सर्वांचा आहे, म्हणून तो कोणाचाच नाही आणि जो तो जमेल तेवढे ओढणार, हा विचार अमेरिकी पर्यावरणशास्त्रज्ञ गॅरेट हार्डिन यांच्या १९६८ सालच्या निबंधातून सर्वतोमुखी झाला. त्यांनी उदाहरण घेतले होते ते सामायिक कुरणाचे. ज्या कुरणावर कोणताही नियम नाही, त्याचे वर्णन म्हणून ते बरोबरही आहे. पण किनाऱ्यालगतचा समुद्र असा बेवारस क्वचितच असतो. पुढे, १९९८ साली, हार्डिन यांनी स्वतःच कबूल केले की सामायिक संपत्तीचे ‘व्यवस्थापन नसलेली’ हे विशेषण आपल्या मांडणीतून गळले, हीच तिच्यातली सर्वांत मोठी चूक होती. ही दुरुस्ती मूळ निबंधाइतकी कोणी वाचली नाही, आणि ती न वाचताच हक्क काढून घेण्याच्या योजना आखल्या गेल्या, याचे मला मनापासून वाईट वाटते.

अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ एलिनॉर ऑस्ट्रम यांना २००९ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले ते समाज सामायिक संसाधने कशी सांभाळतात याच्या अभ्यासासाठी. तुर्कस्तानातील अलान्या या किनारी गावाचे उदाहरण त्यांनी तपशिलाने मांडले आहे. १९७० च्या दशकाच्या आरंभी तिथे चांगल्या जागांवरून मच्छीमारांत हाणामाऱ्या होत. मग सहकारी संस्थेच्या सभासदांनी सुमारे दशकभर चुका करत, सुधारत एक पद्धत बसवली. दर सप्टेंबरमध्ये पात्र मच्छीमारांची यादी होते. मासेमारीच्या जागांना नावे आहेत आणि एकाचे जाळे दुसऱ्याची मासळी अडवणार नाही इतक्या अंतरावर त्या आखलेल्या आहेत. चिठ्ठ्या टाकून प्रत्येकाला पहिली जागा मिळते. त्यानंतर जानेवारीपर्यंत प्रत्येक जण रोज एक जागा पूर्वेकडे सरकतो आणि पुढचे महिने पश्चिमेकडे, म्हणजे मासळीच्या स्थलांतराचा लाभ सर्वांच्या वाट्याला सारखा येतो. यात पहारेकऱ्याचा खर्च जवळजवळ नाही, कारण कोणी भलत्या जागी जाळे टाकले तर त्या दिवशी ज्याची पाळी आहे तोच पहाटे तिथे पोचतो आणि त्याच्या बाजूने उभे राहण्यात बाकी सर्वांचे हित असते. मात्र ही पद्धत ज्या एका गोष्टीवर उभी आहे ती विसरता येणार नाही: बाहेरची मोठी नौका रात्रीत येऊन सर्व जागा एकदम ओढून नेणार नाही, याची खात्री. ती खात्री म्हणजेच हक्क. तो नसेल तर आज सोडलेला लहान मासा उद्या दुसऱ्याच्या जाळ्यात जाणार हे प्रत्येकाला ठाऊक असते आणि मग संयम पाळणे परवडत नाही. म्हणून उपसा हक्कांमुळे वाढतो, या विधानात कारण आणि परिणाम यांची अदलाबदल झाली आहे.

चिलीमध्ये हेच कायद्याने घडवून आणले गेले. खडकांवर वाढणाऱ्या लोको या शंखवर्गीय प्राण्याचा निर्यातीसाठी इतका उपसा झाला, की १९८९ पासून काही वर्षे तो पकडणे पूर्ण बंद करावे लागले. १९९१ च्या कायद्याने किनाऱ्यालगतचा पाच सागरी मैलांचा पट्टा मुख्यतः लहान मच्छीमारांसाठी राखला आणि तळाच्या ठरावीक क्षेत्रांचे व्यवस्थापन त्यांच्या संघटनांकडे सोपवण्याची सोय केली. तिथेही चोरट्या उपशाचा त्रास आहे, सर्व क्षेत्रे सारखी यशस्वी नाहीत. पण नीट राखलेल्या क्षेत्रांत लोकोची संख्या आणि आकार खुल्या क्षेत्रांपेक्षा स्पष्टपणे अधिक आढळला आहे.

लहान मच्छीमार समुद्राचे नुकसान करतच नाहीत असे मी म्हणणार नाही. सुरुंग लावून मासे मारणे, बारीक छिद्रांच्या जाळ्यांनी पिल्ले उपसणे हे प्रकार लहान होड्यांतूनही होतात आणि ते थांबलेच पाहिजेत. पण ‘या लोकांना शास्त्र कळत नाही’ असे जे त्याला जोडून म्हटले जाते, त्याला कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरील न्यूफाउंडलंडचा इतिहास उत्तर देतो. तिथे १९८० च्या दशकात किनाऱ्यावरचे मच्छीमार सांगत होते की कॉड हा मासा कमी येतो आहे आणि लहान होत चालला आहे. ते किनाऱ्याजवळ स्थिर सापळे लावत, म्हणजे मासा त्यांच्यापर्यंत आला तरच सापडे, आणि म्हणून त्याचे आटणे त्यांना आधी जाणवले. सरकारी अंदाज मात्र मोठ्या प्रमाणात खोल समुद्रातील ट्रॉलरांच्या नोंदींवर आधारलेले होते. कॉड थोडा उरला तरी दाट थव्याने एकत्र येतो आणि ट्रॉलर तो थवा शोधून काढतो, त्यामुळे तासामागची पकड साठा संपत आला तरी चांगलीच दिसत राहिली. २ जुलै १९९२ रोजी कॅनडा सरकारला कॉडची मासेमारी बंद करावी लागली आणि सुमारे ३० हजार लोकांचा रोजगार गेला. धोक्याची सूचना देणारे आणि शिक्षा भोगणारे बहुतांशी तेच होते.

कोट्यांची खरेदी-विक्री हा उपाय आइसलँडने वापरून पाहिला आहे. एकूण पकडीवर मर्यादा आली हा त्याचा लाभ नाकारता येणार नाही. पण ती मर्यादा घालण्यासाठी कोटा विकाऊ करण्याची गरज नसते, आणि तो विकाऊ झाला की भांडवल असलेल्याकडे सरकतो. पहिले वाटप जुन्या पकडीच्या हिशेबाने झाले की नंतर आलेल्याला कोटा असणाऱ्याकडूनच तो भाड्याने किंवा विकत घ्यावा लागतो. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीने २००७ मध्ये दोन आइसलँडी मच्छीमारांच्या तक्रारीवर या वाटपामुळे समानतेच्या हक्काचा भंग झाल्याचा निष्कर्ष दिला. त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेत समता न्यायालयाच्या आदेशाने पारंपरिक मच्छीमारांना तात्पुरता दिलासा मिळाला, कारण तिथल्या १९९८ च्या कायद्यानुसार झालेल्या वाटपात त्यांच्यातल्या बहुतेकांना काहीच मिळाले नव्हते. त्यानंतर २०१२ मध्ये आलेल्या धोरणाने हक्क वैयक्तिक न ठेवता समुदायाकडे देण्याची दिशा धरली.

उरला ‘दुसरा रोजगार द्या’ हा सल्ला. ज्याला हवा त्याला तो जरूर मिळावा, आणि मच्छीमारांच्या मुलांनी काय करावे हे त्यांनीच ठरवावे. पण हा सल्ला देणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर फक्त होडीतला माणूस असतो. वर उल्लेखलेल्या २०२३ च्या अभ्यासात या क्षेत्रातील दर दहा जणांपैकी चार महिला असल्याचे दिसते. निवडणे, सुकवणे, विकणे, उधारी सांभाळणे ही कामे त्यांच्याकडे असतात आणि त्यासाठी लागणारी किनाऱ्याची जागा बंदर, पर्यटन किंवा अभयारण्य यांच्यासाठी सर्वांत आधी घेतली जाते. म्हणूनच २०१४ मध्ये अन्न व कृषी संघटनेच्या मत्स्यव्यवसाय समितीने मान्य केलेली लहान मच्छीमारांविषयीची मार्गदर्शक तत्त्वे पाण्याबरोबर जमिनीच्या हक्काचा आणि महिलांच्या निर्णयातील सहभागाचा स्वतंत्र विचार करतात. ती ऐच्छिक आहेत, सरकारांना बांधत नाहीत, त्यामुळे प्रत्यक्षात काय होते हे परवान्याच्या साध्या अर्जावर ठरते. त्या अर्जात फक्त होडीमालकाच्या नावाची जागा असेल, तर बंदीच्या हंगामात भरपाई वाटताना खलाशी आणि सुकी मासळी करणारी बाई या दोघांनाही यादीत नाव नाही असेच उत्तर मिळते.