तो फोटो बारशाचा आहे!

काल रात्री एका ऑनलाइन फिटनेस कोच बाईंनी मला ब्लॉक केलं. त्यांच्या पोस्टखाली मी एवढंच लिहिलं होतं: "डावीकडचा फोटो बारशाच्या दिवशीचा आहे. मी स्वतः काढलाय."

पोस्टमध्ये माझी धाकटी बहीण आहे. चेहऱ्यावर पिवळं फूल चिकटवलंय, पण सख्खी बहीण ओळखायला चेहरा लागत नाही. डावीकडे 'आधी', उजवीकडे 'नंतर', खाली ठळक अक्षरांत '१४ किलो! ९० दिवस! जिम नाही, उपास नाही, फक्त योग्य मार्गदर्शन!' आणि त्याखाली बायकांची रांग. डिटेल्स पाठवा, फी किती, मला पण जॉइन व्हायचंय.

अहो, ती बाळंतीण आहे त्या फोटोत! बारा दिवसांची बाळंतीण! हनुवटीखाली स्कार्फची गाठ दिसतेय. कुर्त्याच्या कटातून पोटपट्ट्याचं टोक बाहेर आलंय. मागचा पाळणा कापून टाकला, पण वरच्या कोपऱ्यात झेंडूच्या माळेचा तुकडा तसाच राहिलाय. माळ मीच बांधली होती तिथे. गर्भाशय आक्रसून पूर्वीच्या आकाराला यायला साधारण सहा आठवडे लागतात, बाळंतपण बघितलेल्या कुठल्याही घरात हे माहीत असतं. त्या पोटाला तुम्ही 'आधीची चरबी' म्हणता?

आणि ते १४ किलो ज्या ८२ किलोंवरून मोजले, तो 'आधी'चा आकडा कुठला, तर नववा महिना संपतानाचा. फॉर्ममध्ये 'तुमचं आजवरचं सर्वाधिक वजन' असा रकाना होता, तिने प्रामाणिकपणे दवाखान्याच्या फाइलीतला आकडा भरला. त्यातले पाच-सहा किलो बाळ, वार, पाणी आणि रक्त मिळून प्रसूतीच्या वेळीच गेले. पुढच्या आठवड्या-दोन आठवड्यांत अंगावरची सूज उतरली. म्हणजे फोटोतल्या बाईचं वजन ८२ नव्हतंच. आकडा एका दिवसाचा, फोटो दुसऱ्या दिवसाचा, आणि दोन्ही एकाच चौकटीत डकवून खाली ९० दिवस लिहिलं. उजवीकडचा फोटो बाळ नऊ महिन्यांचं झाल्यावर मैत्रिणीच्या हळदीत काढलेला. गडद निळा अनारकली, आतून शेपवेअर, हॉलचे दिवे, उंच टाचा. या दोन फोटोंमध्ये ९० दिवस कुठून आले?

सगळ्यात संताप येतो तो पुढच्या गोष्टीचा. तो प्लॅन तिने पूर्ण केलाच नाही. बाळ चार महिन्यांचं असताना ९,९९९ रुपये भरून तिने नाव घातलं आणि तिसऱ्या आठवड्यात सोडलं, कारण तिला चक्कर यायला लागली आणि दूध कमी झालं. मी तो डाएट चार्ट बघितलाय. दिवसाला १२०० कॅलरी! अंगावर पाजणाऱ्या बाईला! आयसीएमआरच्या २०२०च्या शिफारशींत पहिले सहा महिने स्तनपान करणाऱ्या आईला नेहमीच्या गरजेपेक्षा दिवसाला ६०० कॅलरी जास्त लागतात असं स्पष्ट दिलंय. फॉर्ममध्ये 'स्तनपान चालू आहे का' हा प्रश्न होता, तिने 'हो' लिहिलं होतं. तरी चार्ट तोच. तिच्यासोबत नाव घातलेल्या तिच्या ऑफिसमधल्या अविवाहित मुलीलाही तोच, अक्षरन् अक्षर तोच, वरचं नाव तेवढं बदललेलं. पैसे परत मागितले तर 'नॉन-रिफंडेबल'. काही महिन्यांनी 'कसं चाललंय डिअर, एक छानसा फोटो पाठव ना' असा गोड मेसेज आला आणि हिने भाबडेपणाने हळदीचा फोटो पाठवला. त्याचं हे असं झालं.

आईच्या हातची पेज, डिंकाचे लाडू, बाळाला पाजणं, रात्रीची जागरणं, चार महिन्यांनी सुरू झालेलं चालणं आणि मुळात गेलेले नऊ महिने, यांनी जे केलं त्याच्यावर या बाईंनी आपला शिक्का मारला.

मी तसं लिहिल्यावर उत्तर काय आलं? "ताई, निगेटिव्हिटी नको. दुसऱ्या स्त्रीचं यश बघायला मोठं मन लागतं." माझ्याच बहिणीबद्दल मलाच! तिच्या बाळाची दुपटी मी धुतली आहेत, आणि माझं मन मोठं नाही? मी परत लिहिलं की फोटो काढल्याची तारीख मोबाइलमध्ये आहे, पाठवू का? तो प्रतिसाद मिनिटभरात उडवला, पाठोपाठ मी ब्लॉक. तोवर तिघी-चौघी चाहत्या माझ्यावर तुटून पडल्या होत्या. 'जळतात काही लोक.' काय जळणार मी? फोटोची तारीख विचारणं म्हणजे जळणं का?

लोकांना वाटतं खोटा फोटो म्हणजे फोटोशॉप. कमरेजवळ वाकलेली फरशीची रेघ शोधायची, दाराची चौकट तिरकी झालीय का बघायचं, तीळ एका फोटोत आहे आणि दुसऱ्यात गायब आहे का तपासायचं. तपासाच. गूगल लेन्सवर टाकून तोच फोटो आणखी तीन कोचांच्या पानांवर सापडतो का तेही बघा, सापडतो कधीकधी. पण माझ्या बहिणीचा फोटो या सगळ्या परीक्षांत पास झाला असता. फोटो खरा, माणूस खरा, वजनही खरंच कमी झालंय, आणि तरी दावा शंभर टक्के खोटा आहे. मधल्या काळात काय झालं, किती काळ गेला, कुणामुळे झालं, यातलं काहीही फोटोत दिसत नाही. ती जागा कोच आपल्या मनाने भरतो.

जे दिसतं तेही फसवं असतं. 'आधी'मध्ये समोरून ट्यूबलाइट, खांदे पाडलेले, पोट सैल सोडलेलं, जेवल्यानंतरची वेळ, लेगिंग्जचा पट्टा पोटात रुतलेला, चेहरा सुतकी. 'नंतर'मध्ये प्रकाश वरून आणि बाजूने, म्हणजे स्नायूंच्या खाली सावली पडते. छाती भरून श्वास, पोट आत, पट्टा बेंबीच्या वर ओढलेला, अंगाला तेल. पुरुष असेल तर आधी वीस पुशअप मारून दंड फुगवलेले आणि छातीवरचे केस काढलेले. हे सगळं एका दुपारीत होतं, त्याला ना डाएट लागतो ना कोच. दोन्ही फोटोंत जागा तीच, दिवा तोच, कपडे तेच आणि उभं राहायची पद्धत तीच नसेल तर मी तो फोटो पुरावा म्हणून मोजतच नाही. आणि कमरेचं माप? सेंटिमीटरमध्ये, तारखेसकट? ते हे लोक का देत नाहीत?

हिशोब तरी करा रे कुणी! याच बाईंच्या पानावर '२१ दिवसांत १२ किलो फॅट लॉस' अशी एक पोस्ट आहे. एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने ७,७०० कॅलरी. बारा किलो म्हणजे ९२,४००. भागिले २१, म्हणजे रोज ४,४०० कॅलरींची तूट. बहुतेक माणसं दिवसभरात दोन-अडीच हजार कॅलरी खर्च करतात. पाण्यावर राहिलं तरी ही तूट निघत नाही! सुरुवातीला काटा खाली येतो तो पाण्यामुळे. शरीरात साठवलेल्या ग्लायकोजेनच्या, म्हणजे राखीव साखरेच्या, प्रत्येक ग्रॅममागे तीनेक ग्रॅम पाणी असतं. भात-पोळी तोडली की ते साठे उतरतात आणि पाणी निघून जातं. पुन्हा जेवायला लागलं की परत येतं. त्याला फॅट लॉस म्हणणं ही उघड थाप आहे. चौथीतल्या पोराला येणारा भागाकार आहे हा, आणि नावापुढे 'सर्टिफाइड न्यूट्रिशन एक्स्पर्ट' लावणाऱ्या बाईंना येत नाही?

आता तर औषधांचाही प्रश्न आहे. वजन उतरवणारी इंजेक्शनं आलीत: मार्च २०२५ मध्ये मौंजारो आपल्याकडे आलं, जूनमध्ये वेगोव्ही. डॉक्टरांच्या देखरेखीखाली कुणी घेत असेल तर त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण इंजेक्शनने उतरलेलं वजन 'माझ्या डिटॉक्स वॉटरमुळे' म्हणून विकणं ही चोरी आहे. आणि लक्षात घ्या, सेमाग्लूटाइडच्या, म्हणजे वेगोव्हीतल्या औषधाच्या, २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत सरासरी १५ टक्के वजन कमी व्हायला ६८ आठवडे लागले. इतक्या प्रभावी औषधाला सव्वा वर्षाच्या वर लागतं, आणि या बाई गरम पाण्यात ओवा-जिरं घालून ९० दिवसांत ८२ पैकी १४ किलो, म्हणजे १७ टक्के उतरवतात!

मला या सगळ्या जातकुळीचाच राग आहे. रविवारच्या पुरवणीत स्लिमिंग सेंटरच्या जाहिराती यायच्या तेव्हापासूनचा. टीव्हीवर घाम काढणारे काळे पट्टे विकायचे तेव्हापासूनचा. आमच्या नाक्यावरच्या जिमने फ्लेक्सवर दोन गोऱ्या माणसांचे आधी-नंतर फोटो लावलेत. ते दोघं त्या जिमची पायरी तरी चढलेत का? सोसायटीतल्या वजन कमी करायचे मिल्कशेक विकणाऱ्या काकू हळदीकुंकवाला आलेल्या बायकांची वजनं करतात. फी विचारली की 'डीएम करा'. भाजीवालासुद्धा भाव चारचौघांत सांगतो, तुम्हाला काय लपवायचंय? 'फक्त ३ जागा शिल्लक' महिनोन् महिने तीनच राहतात. रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओला जागा कसल्या संपतात? आणि भिंतभर पन्नास फोटो लावणाऱ्या प्रत्येकाला माझा एकच सवाल आहे: पैसे किती जणांनी भरले? पन्नास फोटो पाच हजारांतले असतील तर उरलेल्यांचं काय झालं? माझ्या बहिणीसारख्या किती जणींनी तिसऱ्या आठवड्यात सोडलं? ते कुणी सांगणार नाही. सोडणारीला तर यशस्वी म्हणून भिंतीवर लावलंय!

नियम नाहीत असंही नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये अ‍ॅस्कीने, म्हणजे जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या जाहिरात उद्योगाच्याच संस्थेने, आरोग्यावर सल्ला देणाऱ्या इन्फ्लुएन्सरना सांगितलं की पात्रता असली पाहिजे आणि ती दिसेल अशी जाहीर केली पाहिजे. त्याच महिन्यात केंद्र सरकारनेही आरोग्यविषयक इन्फ्लुएन्सरसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा केलं तर ५० लाखांपर्यंत. अमेरिकेत टेक्सस राज्याने २०२२ साली एका फिटनेस इन्फ्लुएन्सरवर खटला भरला, 'खास तुमच्यासाठी' म्हणून विकलेले प्लॅन प्रत्यक्षात तसे नव्हते म्हणून. २०२३ मध्ये चार लाख डॉलर भरून ते प्रकरण मिटलं. म्हणजे राज्याने मनावर घेतलं तर होतं.

बहीण म्हणतेय, "ताई, जाऊ दे ना, चेहरा झाकलाय." नाही जाऊ देणार. फॉर्मच्या तळाशी संमतीची बारीक चौकट होती, तिने तिच्यावर टिचकी मारली होती, म्हणून तिला वाटतंय आपलंच चुकलं. फोटो वापरायची संमती दिली असेल, खोटं लिहायची दिली नव्हती. आज सकाळी बसून दोघींनी मिळून ईमेल पाठवला: संमती मागे घेतली, पोस्ट काढा, पैसे परत करा. सोबत मूळ फोटो तारखेसकट, पैसे भरल्याची पावती, डाएट चार्ट आणि प्लॅन सोडल्याचा तिचा मेसेज. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, अ‍ॅस्कीकडेही पाठवली. पोस्टचे स्क्रीनशॉट तिच्या त्या ऑफिसातल्या मैत्रिणीने काढून दिलेत, तिला अजून ब्लॉक केलेलं नाही. तिचाही चार्ट आम्ही जोडलाय. त्याच बॅचमधल्या आणखी कुणाकडे तोच १२०० कॅलरीचा चार्ट असेल, तर कृपया मला पाठवा. बाळंतीण असाल तर नक्कीच पाठवा.