आमचा गाव यंदा दहावीत

गोव्यात दहावीची परीक्षा एकट्या मुलाने द्यायची अशी पद्धत नाही. ती सगळा गाव देतो. मुलाने फक्त परीक्षेच्या खोलीत जाऊन बसायचं, कारण तिथे सगळ्यांना एकदम सोडत नाहीत.

2025 सालापासून आमच्याकडे दहावीचे वर्ग एप्रिलमध्येच सुरू होऊ लागले. म्हणजे झाडावर मानकुराद आंबे आणि माझ्यापुढे पॉलिनॉमियल्स. तेव्हापासून गावात मला नाव उरलेलं नाही. पूर्वी मी अमक्याचा मुलगा, तमक्याचा नातू होतो. आता मी 'दहावी' आहे. "दहावी आली बघ," असं म्हणतात आणि मी येतो.

सुरुवात सकाळी पोदेरापासून, म्हणजे पाववाल्यापासून होते. तो सायकलचा भोंगा वाजवत आमच्या फाटकाशी थांबतो आणि पाव मोजायच्या आधी विचारतो, "अवंदू धावी मरे तुजी?" हा प्रश्न तो रोज विचारतो. उत्तर रोज तेच असतं, तरी त्याला ते रोज नव्याने आवडतं. मग सुटे पैसे परत देताना तो मुद्दाम थांबतो. हिशेब मी सांगायचा. मी अडखळलो, तर पुढच्या वाड्यावर ती बातमी पोयांबरोबर गरमागरम पोचते.

आजीचं शास्त्र वेगळं. तिच्या मते मेंदू मासळीवर चालतो. बांगडा खाल्ला की गणित, तारली खाल्ली की इतिहास, अशी काहीतरी विभागणीही तिच्या मनात असावी. पण गोव्यात 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत मासेमारीला बंदी. ती उठते न उठते तोच श्रावण, आणि श्रावणात आमचं घर शिवराक, म्हणजे शाकाहारी. म्हणजे जूनपासून थेट चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी होईपर्यंत माझ्या मेंदूचा पुरवठा खंडित आणि युनिट टेस्ट नेमकी त्याच काळात. हा मुद्दा मी घरी रीतसर मांडला. आई म्हणाली, "जुलैत सुकी सुंगटं होती ना?" सुक्या कोळंबीवर ट्रिगोनॉमेट्री होत नाही, हे तिला कोण सांगणार.

शाळेला जायला बालरथ, म्हणजे शाळेची बस आहे. तो वेळेवर येतो, माझी तक्रार तेवढीच. तो गेला की मी म्हार्दोळच्या थांब्यावर उभा राहतो आणि फोंड्याला जाणारी खाजगी बस पकडतो. या बसमध्ये जागा नसते असं कधी होत नाही. माणसं दारात लोंबकळत असली तरी कंडक्टर ओरडतच असतो, "फाटीं वचात, फाटीं! जागो आसा!" ती जागा मी अजून पाहिलेली नाही. मागे जायचं तर आधी पाठीवरचं दप्तर उतरवावं लागतं. ते कोणीतरी उचलतं, दुसऱ्याकडे देतं आणि शेवटी ते ड्रायव्हरच्या बाजूला इंजिनाच्या झाकणावर जाऊन पडतं. तिथे आधीच बाजारच्या पिशव्या, जायांच्या माळांची टोपली आणि कोणाची तरी छत्री असते. माझी कंपासपेटी त्या उबेत रोज थोडी थोडी वाकते आहे.

आता फर्मागुडीचं सांगतो. हे ठिकाण आमच्या रस्त्यावर नसतं, तर माझं आयुष्य निम्मं हलकं झालं असतं. तिथे गोपाळ गणपती आहे. बस तिथून जाताना सगळे हात जोडतात, मीही जोडतो, तिथवर सगळं ठीक. पण तिथेच इंजिनियरिंग कॉलेज आहे आणि 2016 पासून त्याच आवारात आयआयटीही राहते आहे. बसमधली कोणतीही काकी, कोणताही आजोबा देवाला जोडलेले हात खाली घेता घेता मला कोपराने ढोसतो, "ते बघ. तुझं तिथे व्हायला हवं." एकदा मी म्हणालो, "आजोबा, ती आयआयटीच अजून दुसऱ्याच्या घरी पाहुणी आहे. कायमच्या जागेसाठी तिला इतकी वर्षं गावोगाव फिरवतायत. तिला स्वतःला जागा मिळेना, तर ती मला कुठून देणार?" बस हसली. संध्याकाळी घरी पोचेपर्यंत हे वाक्य माझ्या आधी घरी पोचलं होतं आणि आई हसली नाही.

बसमध्ये घडलेली मोठी गोष्ट मात्र तायकिळ्याची. पावसाळ्यात ही रानभाजी उगवते आणि बायका जुड्या बांधून फोंड्याच्या बाजारात विकायला नेतात. त्या दिवशी इंजिनावरच्या गर्दीत एक जुडी माझ्या दप्तरात शिरली. मला पत्ता नाही. पहिला तास गणिताचा. बाईंनी वह्या काढायला सांगितल्या, मी दप्तर उघडलं आणि वहीच्या आधी ओला, हिरवागार तायकिळा बाकावर आला. वर्ग गप्प. बाई जवळ आल्या, जुडी उचलली, उलटसुलट करून बघितली, देठ मोडून बघितला. मला वाटलं, आता मुख्याध्यापकांकडे. बाई म्हणाल्या, "कोवळा आहे," आणि जुडी आपल्या टेबलावर नेऊन ठेवली. तास संपल्यावर ती त्यांच्या पर्समधून बाहेर डोकावत स्टाफरूमकडे गेली. इकडे जुडीची मालकीण आमच्याच वाड्यावरची निघाली. तिने बाजारात जुड्या मोजल्या, एक कमी भरली आणि तिला आठवलं की शेजारी दहावीचं दप्तर होतं. पुढचे काही दिवस गावात प्रश्न बदलला. "अभ्यास कसा चाललाय?" ऐवजी "भाजी कशी झाली?"

पावसाबद्दल एवढंच सांगतो, की आमच्या वर्गात हवामान खात्याचा अंदाज जितका बारकाईने वाचला जातो तितका भूगोलाचा धडा नाही. केशरी इशाऱ्याला आमच्यात काडीची किंमत नाही. इशारा लाल हवा. रात्री लाल म्हणून झोपावं आणि सकाळी लख्ख ऊन पडावं, याहून मोठा विश्वासघात मला माहीत नाही.

आमच्या सार्वजनिक गणपतीपुढे दर वर्षी नाटक होतं. गोव्यात मराठी नाटक न केलेला माणूस शोधून सापडेल, पण त्याच्या चुलत्याने तरी केलेलं असतंच. आमच्या गावात धाकटे काका दर वर्षी मोगल सरदार करतात. आवाज खणखणीत, दाढी स्वतःची, फक्त पाठांतर नाही. गेल्या वर्षी ते भर दरबारात "खामोश!" असं गरजले आणि त्यानंतर स्वतःच खामोश झाले. लोकांना तो अभिनय वाटला, टाळ्या पडल्या. यंदा दिग्दर्शकांनी ठरवलं, की चांगला प्रॉम्प्टर हवा. सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे. "तू नाहीतरी पुस्तक घेऊनच बसलेला असतोस," काका म्हणाले.

आईने विरोध केला, पण दुबळा. तिच्या माहेरीही नाटकं होतात.

तेव्हापासून रात्री जेवण झालं की मी देवळाच्या मंडपात, विंगेत, स्टुलावर. हातात नाटकाची वही आणि वहीच्या आत विज्ञानाचं पुस्तक, कारण दुसऱ्या दिवशी रसायनाची टेस्ट. काकांचं वैशिष्ट्य असं, की विंगेतून जे येईल ते ते म्हणतात. प्रॉम्प्टरवर इतकी श्रद्धा मी कुठे पाहिली नाही. त्या रात्री ते अडले, विंगेकडे कान केला आणि मी त्याच क्षणी स्वतःशी पुटपुटत होतो. पुढच्या श्वासात मोगल सरदाराने तलवारीच्या मुठीवर हात ठेवला आणि गर्जना केली, "धुण्याच्या सोड्यात पाण्याचे रेणू किती? दहा!" समोरचा मावळा सराईत गडी. तो म्हणाला, "दहा असोत की दहा हजार, आम्ही मागे हटणार नाही!" दिग्दर्शकांनी डोकं धरलं. तालीम बघायला बसलेल्या पोरांनी "दहा! दहा!" असा घोष लावला.

दुसऱ्या दिवशी पेपरात धुण्याच्या सोड्याचं सूत्र विचारलं होतं. सोडियम कार्बोनेट आणि पाण्याचे दहा रेणू, पूर्ण मार्क. बाकीच्या पेपराचं बोलायला नको. आमच्या वाड्यावर मात्र ते सूत्र आता तबलजीलाही येतं.

माझं म्हणणं एवढंच आहे. काका दर वर्षी विसरतात, त्यांना विंगेत माणूस मिळतो, वर टाळ्या आणि नारळ. मी विसरलो आणि शेजारच्या बाकावरून कोणी एक शब्द पुरवला, तर त्याला कॉपी म्हणतात. हाच प्रश्न मी वर्गात विचारला, तर मला उभं राहायला सांगितलं. बसायला सांगायचं राहून गेलं.

दरम्यान आजी देवळात गेली होती. अकरावीला मी सायन्स घ्यावं की कॉमर्स, यावर घरात एकमत होत नव्हतं, तेव्हा तिने प्रसाद लावायचं ठरवलं. देवाच्या अंगावर पाकळ्या लावतात, भटजी गाऱ्हाणं घालतात आणि सगळे श्वास रोखून बघत बसतात. उजवी पाकळी पडली की होकार, डावी पडली की नकार. आमच्या वेळी पाकळी हलेचना. भटजींनी पुन्हा गाऱ्हाणं घातलं, या खेपेला माझं पूर्ण नाव, गोत्र आणि इयत्ता घेऊन. बऱ्याच वेळाने उजवी पडली. आई आनंदली, "सायन्स!" बाबा म्हणाले, "थांब, प्रश्न काय विचारला होता?" तेव्हा लक्षात आलं, की आजीने भटजींना एवढंच सांगितलं होतं, की पोराचं बरं होईल का म्हणून विचारा. देवाने हो सांगितलं. सायन्स की कॉमर्स, यात देव पडला नाही. घरातला सगळ्यात शहाणा निर्णय तोच, असं माझं मत झालं.

पास व्हायची तर आता कोणाला काळजीही नाही. 2025 साली गोव्याचा दहावीचा निकाल 95.35 टक्के लागला. पूर्वी पास झाला म्हणून पेढे वाटत. आता पास होणं ही बातमीच उरली नाही. उरलेल्या पाचेक टक्क्यांत कोण, याचीच चौकशी होते, आणि ती करणारे लोक आत्ता माझ्याकडे बघत बघत करतात.

शनिवारी शाळेत ओपन डे होता. ओपन डे म्हणजे आपले तपासलेले पेपर आईवडिलांसमोर उघडे करणं. आई निघाली, तशी आजीही जरीकाठी साडी नेसून निघाली. तिला नको म्हणायची हिंमत आमच्या घरात कोणाची नाही. गणिताच्या बाईंनी माझा पेपर काढला. 20 पैकी 9. आईने पदर सारखा केला, हे भूकंपाआधीचं लक्षण. इतक्यात आजीने बाईंना विचारलं, "बाय, तुम्ही मूळच्या कुठल्या गो?"

बाई म्हणाल्या, "आम्ही मडकईचे. पण आईचं माहेर सावय-वेरें."

"सावय-वेरें? कुठला वाडा?"

मग वाडा निघाला, वाड्यावरचा मांड निघाला, मांडाजवळचं फणसाचं झाड निघालं आणि त्या झाडाखालच्या घरातल्या दोन बहिणींपैकी थोरली बाईंची आजी आणि धाकटी माझ्या आजीची शाळेतली मैत्रीण निघाली. बाकावर माझ्या मागे पालकांची रांग लागली होती. आजीने उकडतंय म्हणून माझा पेपर उचलला, दुमडला आणि वारा घेऊ लागली. तो लाल 9 माझ्या नाकासमोर वर-खाली होत होता. मला वाटलं, वाचलो. बाई आता रागावणार नाहीत.

तेवढ्यात बाई म्हणाल्या, "तुमच्या नातवाने आणलेला तायकिळा मात्र छान होता हो. फणसाच्या आठळ्या घालून केला."

आजीने वारा घ्यायचं थांबवलं. "म्हणजे ती जुडी तुमच्याकडे गेली होय!"

आता बाई रविवारी आमच्याकडे जेवायला येणार आहेत. आईने खतखत्याच्या भाज्यांची यादी केली आहे, पातोळ्यांसाठी हळदीची पानं शेजारून सांगून ठेवली आहेत. जिची जुडी होती तिलाही बोलावलं आहे, म्हणजे तो विषय एकदाचा मिटेल. पेपरांचा दुसरा गठ्ठा बरोबर आणते, असं बाईंनी फोनवर सांगितलं. जेवणानंतर ओसरीवर बसून तपासता येतील. मला वाढायला ठेवलं आहे.

काकांना हे कळलं, तेव्हा त्यांनी एकच चौकशी केली. "बाईंचा आवाज कसा आहे?" नाटकात आईसाहेबांची भूमिका अजून रिकामी आहे. मी म्हटलं, मागच्या बाकापर्यंत स्वच्छ ऐकू येतो. काका लगेच वही घेऊन दिग्दर्शकांकडे गेले. बाई हो म्हणाल्या, तर चवथीच्या नाटकात त्या रंगमंचावर उभ्या राहतील आणि विंगेत बसून त्यांना उत्तरं सांगणारा मी असेन.